चांदीवरची निशाणी कोणाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आपण म्हटलं होतं की घरात जुनी इंग्रजी धाटणीची चांदी असेल, तिच्यावर पक्षी, सिंह, ढाल, मुकुट असं काही कोरलेलं असेल तर फोटो पाठवा. फोटो खूप आले, सगळ्यांची उत्तरं एका अंकात बसत नाहीत म्हणून निवडक घेतलेत. हे सामान मराठवाड्यात कसं आलं असं बऱ्याच जणांनी विचारलंय, तर जालना, हिंगोली, औरंगाबाद इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या होत्या, १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली, तोवर कित्येक अधिकारी इथं बायकापोरांसकट राहून गेले आणि त्यांच्या टेबलावरची चांदी दर वेळी त्यांच्याबरोबर परत गेलीच असं नाही. एक विनंती मात्र आधीच करते, अगदी कळकळीची आहे. यातलं काहीही मोडीत घालायच्या आधी कोरीव भागाचा आणि मागच्या ठशांचा फोटो काढून ठेवा, एकदा आटवलं की त्या भांड्याबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्या पणजोबांचा जालन्याच्या छावणीत दाणावैरण पुरवायचा ठेका होता. त्यांच्यापासून घरात चांदीचे सहा मोठे चमचे आहेत. दांड्यावर पीळ दिलेली दोरी आहे, तिच्यावर पक्षी उभा, चोचीत डहाळी. मागं बारीक ठसे आहेत, चालणारा सिंह, वाघासारखं तोंड, डावीकडं बघणाऱ्या बाईचं डोकं, एक सुटं अक्षर आणि जोडीनं दोन अक्षरं. घरात सगळे म्हणायलेत की साहेबानं खूश होऊन दिले. सराफ म्हणाला ब्याण्णव टंच आहे, वजनावर घेतो. हा साहेब कोण ते कळेल का? (वाचक, जालना)

उत्तर : दादा, आधी मागचे ठसे वाचू, मग पक्ष्याकडं येऊ, कारण बहुतेक लोक उलट करतात आणि तिथंच फसतात. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, शंभरात साडेब्याण्णव भाग शुद्ध, म्हणजे तुमच्या सराफानं टंच बरोबर सांगितला. वाघासारखं दिसतंय ते बिबट्याचं तोंड, ही लंडनच्या तपासणी कचेरीची खूण. १८२१ पर्यंत या बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असायचा, तुमच्या फोटोत नाही. बाईचं डोकं म्हणजे राणी व्हिक्टोरिया. चांदीवर सरकारी कर भरला की राजाराणीचं डोकं उमटवायचे, ही पद्धत १७८४ला सुरू झाली आणि १८९०ला बंद, त्यात व्हिक्टोरियाचं तोंड डावीकडं असतं आणि तिच्या आधीच्या राजांचं या काळात बहुतेक उजवीकडं. म्हणजे चमचे १८३७ नंतरचे आणि १८९०च्या आतले, एवढं तर नुसत्या डोळ्यांनी ठरलं. सुटं अक्षर वर्षाचं असतं, लंडनची अक्षरं वीस वर्षांच्या फेऱ्यानं चालायची आणि दर फेऱ्याला अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट बदलायची, त्यामुळे भिंगातून चौकटीसकट जवळून फोटो काढून पाठवा, नेमकं वर्ष तक्त्यावरून निघेल. जोडीची दोन अक्षरं कारागिराची, मालकाची नाहीत! हा घोळ सगळ्यात जास्त होतो, लोक त्या अक्षरांवरून साहेबाचं नाव शोधत बसतात.

आता पक्षी. याला क्रेस्ट म्हणतात. घराण्याच्या पूर्ण कुलचिन्हात खाली ढाल असते, ढालीवर शिरस्त्राण, आणि शिरस्त्राणाच्या माथ्यावर जे काही बसवलेलं असतं ते क्रेस्ट. चमच्याच्या दांड्यावर एवढं सगळं मावत नाही म्हणून नुसतं वरचं चित्र कोरायचे. पीळ दिलेली दोरी म्हणजे शिरस्त्राणाभोवती गुंडाळलेलं दोन रंगांचं कापड, ती क्रेस्टची ओळख आहे. पक्षी कबुतर आहे आणि डहाळी ऑलिव्हची. आणि अडचण अशी की हे चित्र एकाच घराण्याचं नाही, चोचीत ऑलिव्ह घेतलेलं कबुतर पुष्कळ आडनावांखाली सापडतं. ढाल शक्यतो एका घराण्याची, क्रेस्ट मात्र दहा ठिकाणी तेच, म्हणून नुसत्या क्रेस्टवरून कोणी ठामपणे नाव सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शिवाय व्हिक्टोरियाच्या काळात लंडनमध्ये असे दुकानदार होते की आडनाव सांगितलं की पुस्तकात बघून त्या आडनावाचं क्रेस्ट काढून द्यायचे, कुळाशी संबंध असो नसो. त्यामुळे ज्यानं कोरून घेतलं त्याला ते वापरायचा हक्क होताच असंही म्हणता येत नाही.

मग करायचं काय, तर दोन याद्या करायच्या आणि जुळवायच्या. एक यादी क्रेस्टवरून. फेअरबेर्न नावाच्या माणसाचा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या क्रेस्टांचा जाडजूड ग्रंथ आहे, त्याची १९०५ची आवृत्ती स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट मिळते, त्यात आडनावांची यादी आहे आणि चित्रांचे तक्तेही आहेत, म्हणजे चित्रावरून उलटं आडनावांकडं जाता येतं. दुसरी यादी जालन्याला त्या काळात कोणकोण अधिकारी होते त्यांची. त्यासाठी जुन्या छापील आर्मी लिस्ट बघायच्या, फिबिस म्हणून ब्रिटिशकालीन हिंदुस्थानातल्या कुटुंबांची माहिती जमवणारी संस्था आहे तिच्या साईटवर नावानं शोधता येतं, आणि छावणीतल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन दगडांवरची आडनावं उतरवून आणली तर फारच छान. दोन्ही याद्यांत जे आडनाव सामाईक निघेल तिथून पुढचा शोध, आणि दोनतीन निघाली तरी निराश होऊ नका, पन्नासावरून तीनवर येणं हीच मोठी गोष्ट आहे.

खूश होऊन दिले या गोष्टीबद्दल एक सांगते, घरातली आठवण खोटी म्हणायची नाही, पण अधिकारी वारला किंवा बदली होऊन निघाला की त्याच्या सामानाचा छावणीत लिलाव व्हायचा आणि ठेकेदार, दुकानदार, मुन्शी लोक त्यात माल घ्यायचे. पणजोबांच्या वह्या असतील तर त्यात लिलावाची नोंद शोधा. मोडी असेल तर वाचणारे अजून आहेत. साहेबाचं नाव तिथंच लिहिलेलं मिळायची शक्यता क्रेस्टपेक्षा जास्त आहे. आणि चमचे वजनावर देऊ नका हो.

प्रश्न : सासरी चांदीचं एक वाडगं आहे, दरवर्षी महालक्ष्म्यांच्या वेळी सासूबाई ते रांगोळीनं घासून लख्ख करतात. त्यावर रानडुकराचं मुंडकं कोरलंय, वरती पट्टीत काहीतरी लिहिलंय, आता अक्षरं लागेनात. पूजेत ठेवावं का यावरून घरात वाद आहे तो वेगळाच. साफ कसं करायचं आणि हे मुंडकं कोणाचं? (वाचक, बीड)

उत्तर : ताई, पहिल्यांदा रांगोळी बंद. राख बंद, टूथपेस्ट पण बंद, त्यात खरखरीत कण असतात आणि चांदी मऊ, दर घासणीला कोरीव रेघेची कड झिजते, शेवटी रेघच जाते. तुमच्या फोटोत पट्टीवरची अक्षरं गेलीत ती अशीच गेली असणार. अॅल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी हा व्हिडिओत दाखवतात तो उपायही कोरीव भांड्याला नको, त्यात घासणं नाही हे खरं, पण रेघांच्या खोबणीत जो काळेपणा बसलेला असतो तोच तर चित्र वाचायला मदत करतो, तो सगळा निघून जातो आणि भांडं पांढरंफटक दिसायला लागतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड आणि लगेच कोरडं करायचं, बास. पंचामृत ठेवलं तर विधी झाल्याबरोबर धुवा, दह्यादुधात रात्रभर राहू देऊ नका. ठेवताना मलमलीत गुंडाळा, रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा उमटतो.

अक्षरं वाचायला एक युक्ती आहे. खोली अंधारी करायची, मोबाईलचा टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा आणि सावकाश फिरवायचा, झिजलेल्या रेघासुद्धा सावली टाकतात. किंवा चिमूटभर टाल्कम पावडर बोटानं हलकेच पसरायची आणि फुंकर मारायची, रेघेत अडकलेली पावडर राहते. फोटो त्याच वेळी काढायचा.

रानडुकराचं मुंडकं स्कॉटलंडमध्ये खूप चालतं, कॅम्बेल लोकांचं क्रेस्ट तेच आहे, पण एकटे कॅम्बेलच नाहीत. ब्रीदवाक्याची पट्टी चित्राच्या वर असणं ही स्कॉटलंडची पद्धत आहे, इंग्लंडमध्ये ती सहसा खाली असते, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिशेला जातायत. आता मान कशी आहे ते बघून कळवा, सरळ कापल्यासारखी की फाटून तीन टोकं लोंबल्यासारखी, कारण चित्र तेच असलं तरी एवढ्या फरकावरून घराणं बदलतं. ब्रीदवाक्यातला एक जरी शब्द पूर्ण लागला तर काम फत्ते, ब्रीदवाक्यांची वेगळी यादी मिळते. पूजेत ठेवायचं का हे तुमच्या घरानं ठरवायचं, मी त्यात पडत नाही.

प्रश्न : चांदीच्या ट्रेवर मधोमध ढाल आहे, उभी दुभागलेली. डाव्या भागात सगळ्या उभ्या रेघा आणि त्यावर तीन पक्षी, उजव्या भागात बारीक ठिपके आणि झाड. आम्हाला वाटलं नक्षी आहे. यावरून काही कळतं का? (वाचक, परभणी)

उत्तर : तुमचं भांडं या सगळ्या टपालातलं सगळ्यात बोलकं भांडं आहे, खरंच. ती नक्षी नाही, ते रंग आहेत. चांदीवर रंग भरता येत नाही म्हणून रेघांची एक भाषा ठरलेली आहे, पेट्रा सँक्टा नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या १६३८च्या ग्रंथामुळे ती युरोपभर रूढ झाली. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरा भाग म्हणजे चांदी, उभ्याआडव्या एकमेकींवर म्हणजे काळा, आणि आपल्या डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडं खाली उतरणाऱ्या तिरक्या रेघा म्हणजे हिरवा. तेव्हा तुमच्या ट्रेवर डावीकडं लाल जमिनीवर पक्षी आणि उजवीकडं सोनेरी जमिनीवर झाड आहे. पक्ष्यांना पाय आहेत का ते भिंगातून बघा, बिनपायाचा पक्षी काढायची रीत आहे आणि पाय आहेत की नाहीत यावर पुढचं अवलंबून आहे.

ढाल उभी दुभागलेली म्हणजे लग्न. आपल्याला डावीकडं दिसतो तो भाग नवऱ्याच्या घराण्याचा, उजवीकडचा बायकोच्या माहेरचा. तिकडं डावंउजवं ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं मोजतात, म्हणून इंग्रजी वर्णनात डाव्या भागाला उजवा म्हटलेलं सापडेल, गोंधळू नका. यातली गंमत अशी की एका क्रेस्टचे पन्नास वारस असतात पण दोन विशिष्ट घराण्यांचं लग्न झालेल्या जोड्या मोजक्याच असतात, आणि ट्रेच्या ठशांवरून वर्ष काढलं की त्या सुमाराला हयात असलेली जोडी बहुतेक एकच उरते. मला इतक्या वर्षांत नाव पक्कं लागण्याची खात्री वाटते ती अशाच भांड्यांच्या बाबतीत. पक्ष्यांच्या वर किंवा मधे एखादी बारीक चंद्रकोर, तारा असं काही आहे का तेही बघा, चंद्रकोर दुसऱ्या मुलाची खूण, टोकदार तारा तिसऱ्याची, थोरल्या मुलाची खूण वेगळी असते, वरून आडवी पट्टी आणि तिला खाली लोंबणारे तीन दात. हिंदुस्थानात नोकरीला यायचे ते बरेचसे धाकटे, इस्टेट थोरल्याला जायची ना, म्हणून आपल्याकडच्या चांदीवर अशा खुणा मुद्दाम शोधाव्यात. आणि कोणाकडं ढालीऐवजी पतंगासारखा चौकोन टोकावर उभा असेल तर ते भांडं बाईचं, अविवाहित किंवा विधवा.

प्रश्न : आमचं गाव असईपासून जवळच आहे. घरात चांदीचा कान असलेला मग आहे, त्यावर मुकुटातून वर आलेला अर्धा सिंह आहे. आजोबा सांगायचे की असईच्या लढाईनंतर खुद्द वेलस्लीनं दिलेला मग आहे हा. मागं नांगर आणि सिंह असे ठसे आहेत. शेजारच्या घरी हत्ती कोरलेली डबी आहे, तीपण लढाईचीच म्हणतात. (वाचक, भोकरदन)

उत्तर : मराठे आणि इंग्रज यांची असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ची, आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तेव्हा त्या मुलखातल्या घरात अशी आठवण असणं मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून नीट तपासूनच सांगते. वेलिंग्टनचं क्रेस्ट माहीत आहे. मुकुटातून निघालेला अर्धा सिंह हे खरं, पण त्याच्या पंजात दोन शेपट्यांचा निशाणाचा झेंडा असतो आणि झेंड्यावर सेंट जॉर्जचा क्रूस. तुमच्या सिंहाच्या पंजात काहीच नाही. मुकुटातून निघालेला रिकाम्या हाताचा अर्धा सिंह पुष्कळ साध्या घराण्यांकडं आहे, आणि तो तीन पानांचा मुकुट बघून लोकांना वाटतं की मालक मोठा उमराव असणार, तर तसंही नाही. क्रेस्ट ज्यातून वर येतं तो मुकुट नुसता चित्राचा भाग असतो. दर्जाचा मुकुट वेगळा, तो ढालीच्या वर असतो, बॅरनच्या मुकुटावर समोरून चार गोळे दिसतात, अर्लच्या मुकुटावर उंच काट्यांवर पाच.

आणि मागचा ठसा जास्त स्पष्ट बोलतोय. तो नांगर जहाजाचा आहे, बर्मिंगहॅमची खूण. १८०३च्या सुमाराच्या मगवर राजाचं डोकं हवं होतं, ते नाहीय, म्हणजे एक तर १७८४च्या आधीचा किंवा १८९०च्या नंतरचा, आणि तुम्ही पाठवलेलं वर्षाचं अक्षर त्याच्या चौकटीसकट ताडून बघितलं तर ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं येतंय. हा मग कोण्या छावणीतल्या अधिकाऱ्याचा असेल, लढाईच्या वेळचा नाही. आजोबांनी सांगितलेली गोष्ट लिहून ठेवाच, बहुतेक घरात आधीची एखादी वस्तू असेल आणि तिची गोष्ट या मगाला चिकटली असेल, असं खूप घरांत होतं.

शेजारच्यांची डबी मात्र मला बघायचीय. असईच्या लढाईबद्दल ७४वी आणि ७८वी पलटण आणि १९वं लाइट ड्रॅगून्स हे घोडदळ यांना हत्तीचं चिन्ह आणि त्यावर असई हा शब्द वापरायचा मान मिळाला होता, ७४वी पलटण १८८१ साली हायलँड लाइट इन्फन्ट्री या नव्या पलटणीत गेली तेव्हा हत्ती तिथंही गेला. म्हणजे हत्तीच्या वर इंग्रजीत असई लिहिलेलं असेल तर ते घराण्याचं क्रेस्ट नाही, पलटणीचं चिन्ह आहे, आणि डबी पलटणीतल्या कोणाची किंवा मेसमधली असू शकते. पण हत्ती कोरलेला नसून मागच्या बाजूला बारीक ठशात उमटवलेला असेल तर गोष्ट वेगळी. कलकत्त्याची हॅमिल्टन कंपनी आपल्या मालावर हत्तीचा ठसा मारायची, तिथं लढाईचा काही संबंध नाही.

प्रश्न : आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या ट्रंकेत दोन काटे सापडले, दांड्यावर एन, एस, आर ही इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंफलेली, मागं ई पी एन एस. एन एस आर नावाचं घराणं कोणतं? (वाचक, पूर्णा)

उत्तर : पूर्णा जंक्शनच्या माणसानं विचारलं म्हणून तर आनंद झाला. घराणं नाही, निजामची रेल्वे आहे ती. आधी निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे होती, १९३० साली हैदराबाद सरकारनं ती ताब्यात घेतली आणि निजाम्स स्टेट रेल्वे झाली, म्हणजे मधलं जी गेलं. तुमच्या अक्षरांत जी नाही, तेव्हा काटे बहुतेक १९३० नंतरचे, स्टेशनातल्या जेवणघरातले किंवा डायनिंग कारमधले असावेत. ई पी एन एस म्हणजे चांदीचा फक्त मुलामा, आत तांबं, जस्त आणि निकेलची मिश्रधातू. विजेवर मुलामा द्यायचं एल्किंग्टनचं पेटंट १८४०चं, आधीचं काही असं असू शकत नाही. सराफाकडं याची किंमत शून्य, पण मराठवाड्याच्या रेल्वेचा इतिहास गोळा करणाऱ्याला हे दोन काटे दाखवा, तो हातातून सोडणार नाही.

प्रश्न : पणजोबा जहागीरदाराकडं कारकून होते. चांदीचं पानदान आहे, झाकणावर दोन वाघांनी धरलेली ढाल, वर मुकुट, खाली उर्दू अक्षरं आणि १३४० आकडा. मधोमध चारमिनारचं नाणं जडवलंय. हे इंग्रजांचं की निजामाचं? (वाचक, नांदेड)

उत्तर : इंग्रजांचं वळण आहे पण माल आपल्याकडचा. १८७७च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना इंग्रजी धाटणीची चिन्हं काढलेले झेंडे दिले गेले, ती चिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या मुलकी अधिकाऱ्यानं आखली होती. मग ते बघून लहानमोठ्या जहागीरदारांनी आपापली चिन्हं करून घेतली, दोन प्राणी, ढाल, मुकुट. त्यांची कुठं नोंदणी नव्हती, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांत शोधण्यात वेळ घालवू नका. तुमचा पुरावा म्हणजे खालची उर्दू ओळ. जुनं घसटतं वळण वाचणारा माणूस गाठा, त्यात जहागिरीचं किंवा मालकाचं नाव असणार.

आकड्याबद्दल सावध राहा. १३४० हिजरी धरलं तर १९२१-२२ येतं, पण निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनावर चालायचं, आणि १३४० फसली म्हणजे १९३०-३१. नऊ वर्षांचा फरक. आकड्याच्या शेवटी ‘फे’ अक्षर असेल तर फसली, ‘हे’ अक्षर असेल तर हिजरी, तेवढंच बघायचं. नाण्याच्या चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर आहे, मीम असेल तर सहावे निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर सातवे उस्मान अली खान, ते १९११ला गादीवर आले. ऐन निघालं तर नाणं त्यानंतरचं एवढं पक्कं. नाव लागलं की हैदराबादला तारनाक्यातल्या राज्य अभिलेखागारात त्या जहागिरीचे कागद शोधता येतील. १९४९ला जहागिऱ्या खालसा झाल्या तेव्हा अशी कितीतरी चांदी कारकून, नातेवाईक, सावकार यांच्या घरी आली, पणजोबांकडं ती कशी आली असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

प्रश्न : मोठी परात आहे चांदीची, जाड आहे पण मधे तळहाताएवढी जागा पातळ लागते, दाबलं तर लवते. काही कोरलेलं नाही. झिजली असेल का? (वाचक, लातूर)

उत्तर : एवढ्या नेमक्या जागी झीज होत नाही, तिथं क्रेस्ट होतं आणि कोणीतरी खरवडून काढलंय. विकत घेणाऱ्या नव्या मालकाला आधीच्याची निशाणी नको असायची म्हणून असं करायचे, विलायतेतही करायचे. त्या जागेवर तोंडानं वाफ सोडा आणि लगेच तिरक्या उजेडात बघा, जुन्या रेघांची सावली कधीकधी क्षणभर दिसते, दुसऱ्याला फोटो काढायला बसवा. दाबून बघू नका, फाटेल. उलटं प्रकरणही असतं, ठसे झिजून गुळगुळीत आणि क्रेस्ट मात्र धारदार, म्हणजे क्रेस्ट मागाहून कोरलंय. चमच्याकाट्यांवर आणखी एक खूण बघता येते, १७६०च्या आधीचे चमचे टेबलावर पालथे मांडायचे म्हणून क्रेस्ट मागच्या बाजूला असायचं. इतक्या जुन्या चमच्याच्या पुढच्या बाजूला क्रेस्ट दिसलं तर ते बहुतेक नंतरचं.

प्रश्न : भाचा अमेरिकेत असतो, आजीची दोन इंग्रजी फुलपात्रं आठवण म्हणून घेऊन जायचं म्हणतोय. चालेल ना? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वयावर आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती विलायतेत घडलेली असो की इथं, घरची असो की विकत घेतलेली. विमानतळावर अडवलं तर भाच्याला मनस्ताप. शंभरच्या आतली असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नाहीत असा दाखला घेऊन नेता येतात, त्यांचं मंडळ कार्यालय तुमच्याच गावात आहे. जाताना फुलपात्रं आणि बुडाच्या ठशांचे जवळून काढलेले फोटो दोन्ही न्या, वय ठरवायला तिथं सगळ्यात आधी तेच बघतील.